भुईचाफ्याची पाटी

आई, आज रविवार, अकरा जानेवारी, सकाळचे पावणेसात. सेफ्टी पिनेने नखांतली माती काढत बसलो होतो, तेवढ्यात वाटलं की तुला लिहावं. तीनदा साबण लावला तरी बोटांचा वास गेलेला नाही. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग मी यातलं निम्मं गाळलं असतं. माती तुझ्या कामाच्या बंगल्यातली आहे, सहकारनगरच्या. तू गेल्यापासून मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. आता काकूही गेल्या, त्यांच्या मुलांनी बंगला बिल्डरला दिला, भोवती पत्रे लागले आणि उद्या मागच्या अंगणात जेसीबी येणार आहे. हे मला ताईने फोनवर सांगितलं. तिच्या कात्रजच्या घराला छोटी गॅलरी आहे, तिथे ऊन येत नाही. "तुळस जळून गेली, भुईचाफा मात्र सावलीत जगेल," म्हणाली. "आईचं माझ्याकडे काही नाही रे. फोटो म्हणशील तर रेशनकार्डावरचा, त्यातही ती कुणावर तरी चिडलीये. एक कंद आण तेवढा." मी म्हटलं, जानेवारीत तो जमिनीवर दिसत नाही. मी स्वारगेटजवळ नेमप्लेटच्या दुकानात कामाला आहे, ते धरून ती म्हणाली, "तू तर तिथे पाट्या लावल्या होत्यास ना? जगाला पाट्या करून देतोस, स्वतःची एक वाचून आण."

काकूंच्या मागच्या अंगणात बकुळीखालच्या त्या जागेत भर दुपारीही ऊन पोचत नसे. काकूंचे गुलाब तिथे मेले, मग तू माहेराहून भुईचाफ्याचे कंद आणून लावलेस. चैत्रात पान नाही, फांदी नाही, थेट मातीतून जांभळी-पांढरी फुलं वर यायची, कुणी येताजाता टाकून गेल्यासारखी. पावसाळ्यात पानं यायची, दिवाळीनंतर ती वाळायची आणि उरायची नुसती माती. कंद कुठे निजलाय ते कळावं म्हणून तू खुणा रोवायचीस: तुटका कंगवा, जुना टूथब्रश, चमच्याचा दांडा. मी नववीत होतो. मला तो पसारा बघवत नसे. एका रविवारी मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाट्या केल्या, त्यांवर ऑइलपेंटने 'भुईचाफा' लिहिलं, त्यातली ई ऱ्हस्व की दीर्घ हे आधी सरांना विचारून घेतलं, तुझा कंगवा-चमचा उपटून टाकला आणि सगळ्या पाट्या भिंतीलगत एका ओळीत रोवल्या. मधलं अंतर पट्टीने मोजलं होतं. तुला हात धरून दाखवायला नेलं. तू बराच वेळ बघत उभी राहिलीस. "छान झालंय," म्हणालीस. "वाचायला झालं. आता खणायचं कुठं?" काकू व्हरांड्यातून म्हणाल्या, "अगं, साहेब होणार हा. खणायला माणसं ठेवेल." तू हसली नाहीस.

खणायची वेळ त्याच हिवाळ्यात आली. ताईच्या गालगुंडावर, काकूंच्या मुरगळलेल्या पायावर तू त्या कंदाचाच लेप लावायचीस, आणि सूज उतरायचीही. मग तुझे पाय सुजले. संध्याकाळी चपलेत पाय जाईना. तू म्हणालीस, "तूच हरवलेस, तूच शोध." मी प्रत्येक पाटीखाली खणलं, काही मिळालं नाही. मग हट्टाला पेटून बकुळीखालची सगळी माती उलटीपालटी केली आणि अंधार पडता पडता कंद मिळाले. अजून दिसतं मला. मी सहाणेवर कंद उगाळतोय, तू पाय पुढे करून भिंतीला टेकून बसली आहेस, स्वयंपाकघरात कापरासारखा उग्र वास भरलाय. बोट दाबलं की पायाला खळगा पडतो आणि तसाच राहतो. "जाड लाव," तू म्हणतेस. सकाळी चेहराही सुजायला लागला तेव्हा तू गालांवरही लावायला सांगितलंस. शेवटी काकूंनी रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वाळलेला लेप नखाने खरवडला आणि म्हणाले, "हे काय? किडनी पायात असते का हो बाई?" तू त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. मी हात मागे लपवले. फाल्गुनात तू गेलीस. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही.

पाट्यांच्या नादात मी कंद हरवले याचं तुला वाईट वाटलं होतं. मला उलटं वाटतं. ते हरवलेलेच राहायला हवे होते. लेप मिळाला नसता तर तू आधी दवाखान्यात गेली असतीस. मग वाटतं, गेली नसतीस, हळद लावली असतीस. हे मी कितीदा दोन्ही बाजूंनी लावून बघितलं आहे.

काल गेलो. पत्र्याच्या फटीशी सुपरवायझर खुर्ची टाकून बसला होता. "काय पाहिजे?" म्हटलं, भुईचाफा. त्याने मान वळवून मोकळ्या जमिनीकडे बघितलं. "कुठंय?" म्हटलं, आता दिसत नाही, खाली आहे. "मग राहू द्या की खाली. बरं, अर्धा तास घ्या. सोनं लागलं तर निम्मं माझं." भिंत पडली होती. पाट्यांपैकी एकच सापडली, विटांखाली दबलेली, अक्षरं अजून स्वच्छ. दर चैत्रात ती फुलं आपली जागा स्वतःच दाखवत असणार. मी एकदा येऊन खूण केली असती तरी पुरलं असतं. अर्धा तास झाल्यावर पाटी पिशवीत टाकून बाहेर पडलो आणि रिक्षा करून नर्सरीत गेलो. तिथल्या माणसाने काळ्या मातीची कुंडी पुढे केली. वर काहीच नव्हतं. "आत आहे ना नक्की?" असं विचारलं. "उकरून बघा. मग मात्र तुम्हीच सांभाळा."

त्याच रिक्षाने कात्रजला गेलो. ताईने कुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही रिकामी कुंडी आणलीस?" मी पिशवीतून पाटी काढून मातीत रोवली. ती खाली बसली आणि बोटाने अक्षरं गिरवत राहिली. "तुझं शाळेतलं अक्षर," म्हणाली. "आई म्हणायची, माझं पोरगं एक काना चुकवत नाही." मग मातीवर हात ठेवून बसली, कुणाचा ताप बघावा तसा. मी एवढंच सांगितलं, की चैत्रापर्यंत पाणी कमी घाल.

आई, कंद सापडला होता. बकुळीच्या मुळाशी, कुदळीने चिरलेला, पण जिवंत. नाकाशी नेला आणि तुझ्या पायांचा वास आला. तो ताईच्या घरात नेववेना. परत खड्ड्यात ठेवला, माती लोटली, पायाने दाबली. सुपरवायझरने विचारलं, "मिळालं का सोनं?" म्हटलं, नाही.

रिक्षाचे तीनशे वीस झाले, ते ताईने आग्रहाने हातात दिले. कुंडीचे एकशेसाठ तिच्याकडे मागता येत नाहीत.