कंबर आत घेताना

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आई गेल्यापासून तू बोलत नाहीस. चूक कोणाची, ते आता राहू दे. भावजींचे गुडघे कसे आहेत?

दुकान चाललंय. शाळेचे गणवेश संपले, आता कोट शिवायला आलेत. मी बराच बारीक झालोय. गिऱ्हाईकं म्हणायची, "मास्तर, तरुण दिसायला लागलात!" मीही फुगलो. पँट सैल झाली की मशीनवर बसून कंबर आत घ्यायची, पुन्हा सैल झाली की पुन्हा. दुसऱ्या कुणाची पँट घसरली असती तर तो घाबरून दवाखान्यात गेला असता. माझी कधी घसरलीच नाही ना!

पायांवर लाल चट्टे उठले, तेव्हा म्हटलं, कापडाची ॲलर्जी. मग तहान. सारखं पाणी, सारखी लघवीला धावपळ. रक्त तपासलं तर साखर साडेतीनशे! आपल्या घराण्यात कुणाला नाही. चहा फिका केला, गोळ्या घेतल्या, साखर ढिम्म.

शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी चट्टे पाहिले आणि मलम द्यायचं सोडून पोटाचं स्कॅन करायला पाठवलं. म्हटलं, बाईंचं डोकं फिरलंय. तर स्वादुपिंडात गाठ निघाली. रक्तातली साखर वाढवणारा रस तीच सोडत होती, चट्टेही तिचेच. लाखात एखाद्याला होतं म्हणे. उभ्या जन्मात लॉटरी लागली नाही, लागली ती ही!

गाठ काढता येईल म्हणतात. सोमवारी ऑपरेशन. बरा होईनही.

तू येऊ नकोस. प्रवास लांबचा, भावजींना सोडून कशी निघशील? शेजारचा न्हावी सोबत येतो म्हणालाय.

नाही गं, न्हाव्याला मी काही सांगितलेलंच नाही. कुणालाच नाही. परवा ताट वाढून घेतलं आणि रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणालो, "चला, जेवायला." मग जेवण गेलंच नाही. मला फार भीती वाटते, ताई.

डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण असेल?" तोंडातून पटकन निघालं, "माझी ताई येतेय." नर्स म्हणाली, खाटेजवळ त्यांच्यासाठी खुर्ची ठेवते.

राग असेल तर येऊन भांड. मी एका शब्दानं उलट बोलणार नाही.

अजून तरी इथेच असलेला,
तुझा धाकटा