मंडईले सगळ्यांनी या

मु. मोहाडी
सोमवार

तीर्थरूप बाई,

तुझ्या धाकट्या भावाचा, श्यामरावचा, वाकून नमस्कार. भाऊजींलेही सांग. (त्यांले नुसता तोंडी सांग. मी वाकलो की ते पाठीत धपका मारतात, अन् आता माझं ते वय राहिलं नाही.) इकडे सारे खुशाल. तुझ्या भावजयीची, रत्नाची, कंबर तिच्या म्हणण्यानं दुखते अन् माझ्या म्हणण्यानं दुखत नाही, म्हणजे नेहमीसारखीच. माझं बीपी गोळीवर आहे. (हे पुढे कामात येणार आहे, ध्यानात ठेव.) तुझे गुडघे कसे आहेत? लाखनीत धान कापणं झालं का? चिन्नोर तांदूळ घरी खावाले ठेवला, की यंदाही सारा विकून टाकला?

तू म्हणशील, घरोघरी मोबाईल असताना या माणसाले कागद-पेन काहून सुचलं. एक तर तू माझा फोन उचलत नाहीस. सुनेच्या हाती देऊन टाकतेस, अन् ते बिचारी म्हणते, आई देवळात गेल्या. बाई, सकाळी देवळात, भर दुपारी देवळात, दोन वर्षं झाली तू देवळातच आहेस. देवालाही कधी जेवाची-झोपाची सवड देत जा. दुसरं कारण मी शेवटी सांगतो.

दोन वर्षांआधीच्या आमच्या मंडईची गोष्ट मी काढत नाही. (काढतोच.) भाऊबीज झाली की गावोगावी मंडईची जत्रा भरते, सोयरेधायरे जेवाले येतात, अन् जेवता-जेवता पोरापोरींची लग्नं जुळतात, हे तुले सांगाले नको. तू आत्या. रितासाठी तू थैलीतून पोरांचे फोटो काढले, हेही ठीक. पण ते तू तिच्या मटणाच्या ताटापुढे पत्ते मांडावे तसे मांडले, अन् म्हणालीस, यातला एक उचल, मग वाटी भरते. रिता भरल्या ताटावरून उठली, अन् संध्याकाळच्या गाडीनं पुण्याले निघून गेली. तू म्हणालीस, पोरीनं माझा अपमान केला, अन् तूही लाखनीची एस.टी. धरली. मटण मी अन् रत्नानं कितीक दिवस गरम करू करू खाल्लं. तेव्हापासून पोरगी घरी येत नाही अन् बहीण घरी येत नाही. माझं घर दोन्हीकडून सुनं होऊन गेलं बाई. सरळच लिहून टाकतो, कारण तोंडानं मले हे जमत नाही.

आता वेबसाईटची गोष्ट ऐक. रिता पुण्यात वेबसाईटी बनवाची नोकरी करते, तर तिनं आपल्या भांड्याच्या दुकानाचीही एक बनवून ठेवली होती. म्हणाली, बाबा, नुसते गंज-पातेले अन् घागरी पाहाले कोणी येत नाही, काही लिहीत जा. मग मी सुरू झालो. पहिला लेख कलईवर. पितळेच्या भांड्याले आतून कलई नसंल तर आंबट भाजी कशी कळकते, कशी तोंडात धरवत नाही, असं मी चांगलं दमात घेऊन लिहिलं. (हेही ध्यानात ठेव.) मग पातोडीचा रस्सा लिहिला. मग लाखोरीच्या डाळीचे वडे. मग गाणे. हो, गाणे! पोरगी आपली गाण्याची यादी दुकानातल्या कम्प्युटरवर ठेवून गेली होती. सारे कोरियाचे पोट्टे, केस धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी असतात तसे. सुरुवातीले मले वाटे मशीनच बिघडली. पण रिता हे ऐकते म्हणून मीही ऐकत राहिलो, अन् आता खोटं कायले बोलू, पितळ घासाले याच्याहून चांगलं गाणं नाही. हात आपोआप चालते. त्यावर मी 'कोरियाचं गाणं अन् आपला दंडारीचा नाच' असा लेख ठोकला, अन् तो नागपूर-पुण्याच्या पोरांनी इतका वाचला की शेजारचा यादोराव मले दुकानात येऊन विचारून गेला, श्यामराव, तब्येत बरी आहे ना?

(माझ्या हरेक लेखाखाली 'एक जाणकार' नावाचा कोणी माणूस चुका काढते. ओवा राहिला. फोडणी करपली दिसते. या गाण्यात ना अर्थ ना चाल. रत्ना म्हणते, रिकामा बसलेला मास्तर असंल. त्याच्यावर मागून येतो.)

खरी गोष्ट अशी की रिता माझ्याशी फोनवर 'हो बाबा, ठीक बाबा' याच्यापुढे जात नव्हती. पण मी रात्री लेख टाकला की सकाळपर्यंत त्यातल्या चुका दुरुस्त होऊन जात, फोटो सरळ होऊन जात. म्हणजे पोरगी वाचून राहिली होती. मी तर मग मुद्दाम एखादा फोटो उलटा टाकत असो.

यंदा दिवाळीआधी तिले विचारलं, मंडईले येशील का? म्हणाली, पाहते. पुण्याच्या 'पाहते'चा अर्थ मले समजते. मग मी डोकं चालवलं अन् वेबसाईटवर लिहिलं, 'भाऊबिजेनंतरच्या शनिवारी आमच्या गावची मंडई आहे. सगळ्यांनी जेवाले या. ताट वाढून ठेवतो. नाही आले तर आम्हाले वाईट वाटंल.' खाली घराचा पत्ता. रिताचं नाव घातलं नाही. आपल्याकडे कोण एकट्याचं नाव घेऊन बोलावते? बाकीचे रुसून बसतात. 'सगळे या' म्हणाचं, अन् ज्याले समजाचं त्याले समजते. पण हे मोहाडीत समजते बाई. इंटरनेटले समजत नाही!

शनिवारी सकाळी दारात पहिली मोटार उभी राहिली. नागपूरचे नवरा-बायको, दोन लेकरं, सोबत म्हातारी. मी म्हटलं, रस्ता चुकले असतील. तर ते गृहस्थ मोबाईल दाखवून म्हणते, काका, तुम्ही बोलावलं, आम्ही आलो. मागून कॉलेजचे पोट्टे. मागून बालाघाटचे एक रिटायर साहेब, येताना चटई घेऊन. ('लोक जास्त असतील असं वाटलं' म्हणे.) एक बाई नुसती माझी पितळी भांडी पाहाले आली होती, ते तिथंच बसली अन् रत्नाच्या हातचं पहिलं ताट तिनंच जेवून घेतलं. मंडईच्या पाहुण्याले दारातून परत पाठवाची आपल्यात रीत नाही, अन् तशी हिंमत तर त्याहून नाही. रत्ना माझ्याकडे असं पाहून राहिली होती की मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

मटण घरच्यापुरतंच होतं. म्हटलं, वांगे-टमाट्याची भाजी टाकू. एवढा मोठा गंज घरात नाही, तर यादोरावच्या ट्रॅक्टरवर दुकानातला सगळ्यात मोठा कोरा गंज आणला. काय झळकत होता! बालाघाटच्या साहेबांनी त्याच्यासोबत फोटो काढला. मी त्यात चिंच टाकली, टमाटे टाकले, मोठ्या तोऱ्यात पाहुण्यांले सांगतलं की पितळेतल्या भाजीची चवच न्यारी. रत्नानं चाखून पाहिली, थुंकली, अन् सगळ्यांसमोर मले विचारलं, 'तुमचा पहिला लेख तुम्ही वाचला नव्हता काय?' बाई, गंजाले कलई नव्हती. दुकानातला माल तो, गिऱ्हाईक घेते तेव्हा कलई करून देतो आपण. सारी भाजी कळकून गेली. आंगणभर पाहुणे पत्रावळी पुढे घेऊन बसलेले, अन् मी कलईवर लेख लिहिणारा माणूस, तोंड कुठं लपवू असं झालं. खरं सांगू, भाजीचं मले तितकं नव्हतं. एवढं जग जेवाले आलं अन् जिच्यासाठी लिहिलं तेच नाही आली, याचंच रडू येऊन राहिलं होतं.

तेवढ्यात एक पोरगा उठला. उंच, सावळा, मोटरसायकलवर आलेला, पाठीवर मोठी काळी थैली. म्हणाला, 'काकाजी, तुम्ही दुसरी भाजी टाका, यांले मी सांभाळतो.' थैलीतून त्यानं ऑक्टोपॅड काढला, नाटकात-ऑर्केस्ट्रात वाजवतात तो, अन् माझं तेच कोरियाचं गाणं दंडारीच्या ठेक्यावर असं धरलं की नागपूरची म्हातारी हात वर करून उठली. कॉलेजचे पोट्टे नाचले. यादोराव नाचला! भुकेचं कोणाले आठवलंही नाही. मी अन् रत्ना ॲल्युमिनियमच्या डेगीत कांदे-वांगे चिरून टाकत होतो, अन् मागून कोणीतरी माझ्या हातातून विळा काढून घेतला. म्हणे, 'बाबा, सरका. बोट कापून घ्याल.'

रिता. बॅग खांद्यावरच होती. कांद्याचा बहाणा होता, तो मी पुरेपूर वापरला.

मग तिनं भाजीत मीठ टाकलं. तर तो पोरगा तिकडून, ठेका न सोडता ओरडला, 'रिता, मीठ कमी! बाबांचं बीपी!' बाई, तूच सांग, इंटरनेटवरून जेवाले आलेल्या माणसाले माझं बीपी काहून माहीत असावं? ते तर मी वेबसाईटवर लिहिलं नव्हतं. रत्नानं माझ्याकडे पाहिलं, मी रिताकडे, अन् रिता डेगीत अशी पाहून राहिली जशी तिथं काही लिहून ठेवलं आहे.

तर तो कुलदीप. तिरोड्याकडचा. घरी धानाची शेती आहे. रिताच्याच कंपनीत आहे, अन् दिवाळीच्या सुट्टीत नाटकमंडळीसोबत वाजवाले जाते. सगळे पाहुणे गेल्यावर तो चुलीजवळ बसला, अन् तो कळकलेला गंज चिंच अन् राख लावून असा घासला की मी दुकानात एवढ्या वर्षांत पाहिला नाही. जेवला मात्र तीनदा. मले आवडला बाई. रत्नाले तर त्याच्या पहिल्या ताटापासूनच आवडला होता, पण ते तसं कबूल करत नाही.

रिता अजून घरीच आहे, सुट्टी वाढवून घेतली. तुझ्या गावची मंडई येत्या गुरुवारी आहे, हे मले माहीत आहे. तू बोलावलं नाहीस, पण मंडईले बोलावणं लागत नाही. आम्ही येऊन राहिलो. या वेळी देवळात जाऊ नको. घरी राह्य.

तुझा,
श्याम

ता. क. त्या 'एक जाणकार'नं वड्यांच्या लेखाखाली लिहिलं होतं, की पिठात मूठभर शिळा भात चुरून टाकावा, म्हणजे वडे कडक होत नाहीत. तसे वडे जगात फक्त आपली आई करत होती. म्हणजे फोन नाही उचलला, पण दोन वर्षं माझं अक्षर न् अक्षर वाचलंस. मंडईच्या निमंत्रणाखाली तेवढं 'जाणकार' काहीच बोलला नाही. तेव्हा मले समजलं, की तिकडे तूही पदर डोळ्याले लावून बसली असशील. बाई, ते निमंत्रण दोघींसाठी होतं. तुझंही ताट वाढून ठेवलं होतं.

ता. क. दुसरी. पत्र लिहाचं दुसरं कारण पाकिटात आहे, नीट काढ, कोपरा दुमडला असंल. कुलदीपचा फोटो आहे. मोबाईलवर पाठवला असता तर तो तुझ्या थैलीत कसा गेला असता? आपल्यात आत्यानं आणलं तर ते स्थळ, अन् पोरीनं आणलं तर ते लफडं. गुरुवारी आम्ही जेवाले बसलो की तुझ्या बाकीच्या फोटोंत हा मिसळ, अन् रिताच्या ताटापुढे मांड, अगदी तसेच, पत्त्यासारखे. म्हण, यातला एक उचल, मग वाटी भरते. वाटी मात्र मोठी घे, या वेळी ते ताटावरून उठणार नाही.