दोन नळ्यांचा कार्बोरेटर परत पाठविण्याविषयी

वरचीवाडी, ता. मालवण
दि. २१ नोव्हेंबर

चि. गुरुदास यास,

सत्यवान भावोजींचा आशीर्वाद. तुझ्या ताईची प्रकृती उत्तम आहे. माझा गुडघा होता तसाच आहे. तुझा खोकला थांबला असेल असे समजतो. थांबला नसल्यास सविस्तर कळव, कारण दिवाळीत दिलेला काढा तू घेतला नाहीस, असा तुझ्या ताईचा निष्कर्ष आहे आणि तो मला तपासून पाहायचा आहे.

प्रारंभीच प्रतिज्ञा मांडतो, म्हणजे वाचताना तुझा गोंधळ होणार नाही. दिवाळीत तू येथून खारेपाटणला नेलेला दोन नळ्यांचा कार्बोरेटर तुला निरुपयोगी आहे, आणि म्हणून तो येथे परत येणे योग्य आहे, एवढेच या पत्रात मला सिद्ध करावयाचे आहे.

पूर्वपीठिका तुला अर्धवट ठाऊक आहे, म्हणून पूर्ण सांगतो. माझी पुतणी विनीता जुनी पिकअप चालवते. पहाटे रापणीचे जाळे ओढून झाले की मासळीच्या टोपल्या किनाऱ्यावरून उचलायच्या, वर सड्याच्या माळावर जाणारी घाटी चढायची आणि साडेआठच्या आत तिठ्यावरच्या बर्फाच्या ट्रकपाशी पोहोचवायच्या, हे तिचे काम. गाडीचे इंजिन खाऱ्या वाऱ्याने खाल्ले. तिठ्यावर ज्याचे गॅरेज आहे त्या आरोंद्याच्या रोझारियोने एका जुन्या मोटारीचे, मूळच्यापेक्षा बरेच मोठे इंजिन मिळवून बसविले. मात्र इंजिन आले, त्याचा कार्बोरेटर आला नाही. (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला पाजणारे भांडे. तू बारा वर्षे जीप चालवतोस, तरी हे सांगणे मला आवश्यक वाटते.) तेव्हा प्रश्न असा उभा राहिला, की जुन्या इंजिनाचा एका नळीचा कार्बोरेटरच नव्यावर चढवावा, की दोन नळ्यांचा नवीन आणावा.

रोझारियोचे मत दोन नळ्यांचे. पहिली नळी नेहमीच्या चालीला, दुसरी अधिक जोर लागेल तेव्हा आपोआप उघडणारी. त्याने कारण दिले ते असे : "मास्तरांनू, इंजिन मोठा झाला. वासराक घालतास तेवढा पाणी बैलाक पुरात काय?" उपमा हा पुरावा नव्हे, हे मी त्याला समजावून दिले. (छत्तीस वर्षे मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले, गॅरेजमध्ये प्रथमच.) मग मी माझा पक्ष रीतसर मांडला. एक नळी पुरेशी आहे. कारण दुसरी नळी बहुतेक वेळ बंद असते. आणि जे बहुतेक वेळ बंद असते ते अनावश्यक असते, उदाहरणार्थ आमच्या वाचनालयाचे मागचे दार. रोझारियो पाना पुसत म्हणाला, "आणि आग लागली तर?" हा मुद्दा अप्रस्तुत असल्याने मी तो सोडून दिला.

शेवटी विनीता मध्ये पडली. "काका, माका घाटी चढाची आसा. वाद तुमी दोघांनी मागसून घाला." तिने आधी रोझारियोचा कार्बोरेटर लावून पाहण्याचे ठरविले. रोझारियोने तो गोव्यातील आपल्या एका नातलगाकडून तिच्यासाठी आणून दिला.

नव्या इंजिनाची गाडी गाऱ्हाण्याशिवाय हलत नाही, हा येथील शिरस्ता तू जाणतोस. गावाची गाऱ्हाणी घालणाऱ्या गंगारामने नारळ हातात घेऊन देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यात तांत्रिक बाजूसुद्धा सोडली नाही : "बा देवा म्हाराजा, जा ह्या चेडवान नवा इंजिन घातलेला आसा, तेच्या दोनय नळयेंका एकच बुद्धी दी आणि घाटयेत खंय अडाक देव नको." आम्ही सर्वांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. रोझारियोने त्याच क्षणी क्रूसाची खूण केली, त्यालाही माझी हरकत नव्हती. गाऱ्हाणे झालेल्या गाडीत पादत्राणे घालून बसू नये, असा आग्रह मी धरला आणि विनीताने तो पाळला. परंतु इंजिनाच्या आचेने खालचा पत्रा तापू लागला, तेव्हा तिचे पाय भाजू नयेत म्हणून मीच घरातील काथ्याचे जाड पायपुसणे दुहेरी दुमडून तिच्या पायांखाली घातले.

त्यानंतर परीक्षा सुरू झाली. घाटीला चार वळणे आहेत. दोन नळ्यांच्या कार्बोरेटरवर भरलेली गाडी तिसऱ्या वळणाशी दम टाकू लागे. सलग सहा दिवस मी वळणावर उभा राहून हे वहीत नोंदविले. रोझारियोने दोनदा कार्बोरेटर उघडला, साफ केला, पुन्हा बसविला आणि डोके खाजवीत म्हणाला, "मास्तरांनू, तुमचा सगळा बरोबर आसा. पण असा होवचा नाय." सातव्या दिवशी मी तो उतरवून घेतला आणि जुना, एका नळीचा बसवावयास लावला. त्यावर गाडी दुसऱ्या वळणाशी दम टाकू लागली. हा फरक एका वळणाचा, म्हणजे दुर्लक्षणीय, असे मी ठरविले. परीक्षा निर्दोष होती, कारण दोन्ही वेळी भार तोच, घाटी तीच, चालविणारी तीच, पायपुसणेसुद्धा तेच. बदल केवळ कार्बोरेटरचा. तू दिवाळीला आलास, पडवीतल्या फळीवर ते भांडे पाहिलेस आणि आपल्या जीपसाठी मागितलेस, तेव्हा मी ते तुला दिले व त्याच्या निरुपयोगित्वावर पाऊण तास बोललो. तरीही तू ते नेलेस, हे मला तेव्हा खटकले होते.

आता मूळ प्रतिज्ञेकडे येतो. तुझी जीप घरापासून बाजारापर्यंत जाते आणि परत येते. वाटेत चढ नाही. गाडीत भार म्हणजे तू व भाजीची पिशवी. दुसरी नळी अधिक जोर लागल्यावाचून उघडत नाही. तुझ्या जीपला असा जोर कधीच लागत नाही. म्हणून तुझ्याकडे दुसरी नळी कधीच उघडणार नाही. या अनुमानात दोष सापडल्यास कळवावा. न सापडल्यास कार्बोरेटर परत पाठवावा.

तुझा शुभचिंतक,
सत्यवान

ता. क. – कार्बोरेटर एस.टी.च्या पार्सलने न पाठवता शनिवारपर्यंत तू स्वतः घेऊन ये. बर्फाचा ट्रक विनीताला दोनदा चुकला आहे, कारण अर्ध्या-अर्ध्या टोपल्यांच्या दोन खेपा कराव्या लागतात. रापणकरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली आहे. त्यानंतर मासळी दुसऱ्याच्या टेम्पोत जाईल आणि हे काम तिच्या हातून सुटेल.

ता. क. २ – कार्बोरेटर तुला दिल्याचे विनीताला ठाऊक नाही. पडवीतली फळी तिने तीनदा शोधली. तिसऱ्या वेळी मीही तिच्याबरोबर शोधत होतो.

ता. क. ३ – काल मासळीचे पाणी सांडल्याने विनीताने पायपुसणे धुऊन कुंपणावर वाळत घातले आणि गाडी त्याविना, सगळ्या टोपल्या एकाच खेपेत भरून, नेली. एका नळीवरच गाडी तिसरे वळण ओलांडून गेली आणि मग थांबली. मी बोटांनी मापले : पायपुसणे नसताना अ‍ॅक्सिलरेटर चार बोटे खाली जातो, असताना दोन. मग गॅरेजवर जाऊन, केवळ जिज्ञासा म्हणून, रोझारियोला विचारले की दुसरी नळी उघडते केव्हा. तो म्हणाला, "अर्ध्याच्या फुडे दाबल्यार. कित्याक?" मी घरी आलो. पत्र तुला आधी लिहिले. रोझारियोकडे आज संध्याकाळी जाणार आहे.

सबब, मी खाली सही करणारा लिहून देतो की, रोझारियोच्या कार्बोरेटरची दुसरी नळी सहा दिवसांत एकदाही उघडली नाही, ती माझ्या पायपुसण्यामुळे. चूक एकच, आणि ती माझी.

(सही) सत्यवान