दाट द्रावणातली तुमची चूक

सर, तुम्ही चुकला होता. हे वाक्य मनात इतक्यांदा घोळवलंय की त्याची धार गेली असेल असं वाटत होतं, पण आज कागदावर लिहिताना हाताला बरं वाटतंय. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी भांडण्यात अर्थ नसतो एवढं मला कळतं. तरी भांडणार आहे.

नव्वदच्या दशकात बंगळूरला तुमच्या प्रयोगशाळेत माझं काम एकच होतं. पाण्यात दोन जातींचे लहान रेणू सोडायचे, लेझरचा झोत मारायचा आणि एक दुसऱ्याला इलेक्ट्रॉन किती लवकर देतो ते मोजायचं. मग त्याच पाण्यात डेक्स्ट्रानचे, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचे, अवाढव्य रेणू घालून गर्दी करायची आणि पुन्हा मोजायचं. द्रावण पाकासारखं दाट व्हायचं. तुमचं म्हणणं, दाटपणा वाढला त्याच प्रमाणात ही देवघेव मंदावलीच पाहिजे. माझ्या पडद्यावर ती जेमतेम मंदावत होती. मला त्यात नवल वाटत नव्हतं. यशवंतपूरच्या बाजारात हातगाडी अडकते, मांजर पायांमधून निघून जातं. आमचे रेणू मांजराएवढेच होते. मात्र दोघं एकदा भेटले की तीच गर्दी त्यांना लांब जाऊ देत नसे, आणि दिलेला इलेक्ट्रॉन बरेचदा देणाऱ्याकडेच परत यायचा. तुम्ही आलेख हातातही न घेता म्हणालात, काचसामान घाण आहे, ती घाणच इलेक्ट्रॉन घेतेय, म्हणून तुला वेग जास्त दिसतो. मी सगळं आम्लाने धुऊन काढलं. मग इलेक्ट्रॉन घेणारा रेणू न घालताच मोजून पाहिलं. घाण असती तर तिने तिथेही इलेक्ट्रॉन घेतला असता. तिथे काहीच नव्हतं.

तो आलेख पिशवीत घालून मी रविवारी तुमच्या बंगल्यावर आले, कारण पाहुणे असले की भजी तळायला मी ठरलेली. प्रयोगशाळेत तुम्ही माझ्याशी मराठीचा शब्द बोलत नसा. मराठी निघायची ती कामाला लावताना. मी कढईपुढे उभी आहे. तुम्ही पाण्याचा तांब्या घ्यायला आत येता. मी हात पुसून आलेख पुढे करते.

"सर, स्वल्प बघा की. घेणारा रेणू नसताना काहीच घडत नाही. म्हणजे घाण नव्हे."

"स्वल्प!" तुम्ही माझा कानडी हेल काढून म्हणता आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल असं हसता. "आमची ही बेळगावची बाई! भांडी घासायला सांगितली तर शोध लावते आणि भजी सांगितली तर करपवते."

बाहेर सगळे हसले. आलेख तुम्ही ओट्यावरच्या तेलात ठेवून गेलात. पुढच्या आठवड्यात सांगितलंत, प्रबंधातलं ते प्रकरण काढ, नाहीतर मी सही करणार नाही. मी काढलं. माझ्या सगळ्या कामातलं तेवढंच एक खरं माझं होतं, आणि तेच माझ्या हाताने काढायला लावलंत. पदवी मिळाली तेव्हा पेढे वाटले, पण मला गोड लागले नाहीत.

गेल्या आठवड्यात तुमच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानाला मलाच बोलावलं. मी प्रबंधातून काढलेल्या त्याच प्रकरणावर बोलले. सुरुवातीलाच सांगितलं की सरांचं गृहीतक चूक होतं, पुरावा समोर धरला होता आणि त्यांनी तो पाहिला नाही. गोड करून सांगता आलं असतं. तसं सांगायचं नव्हतं. सभागृहात माना एकमेकांकडे वळल्या आणि मला आनंद झाला, लपवत नाही. शेवटी टाळ्या वाजल्या. चहाच्या वेळी काकू, तुमच्या पत्नी, काठी टेकत आल्या.

"म्हणजे हे चुकले होते का गं?"

"हो, काकू."

"तू तेव्हाच सांगत होतीस. मी शेजारी कांदा चिरत होते." मग त्या म्हणाल्या, "मी तरी बोलायला हवं होतं."

"असू दे" म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं नाही. कप ठेवला आणि बाहेर येऊन रिक्षा केली.

इंदिरानगरला घरी पोचेपर्यंत वाट पाहिली की आता हलकं वाटेल. वाटलं नाही. एवढा हिशेब चुकता केला, आणि समोर तुम्हीच नव्हता. भर सभेत तुमचा चेहरा उतरलेला मला बघायचा होता. तुम्ही मेलात आणि त्यातून सुटलात, याचाच राग सगळ्यात मोठा आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण मग तुम्हाला कळलं असतं की एवढं सगळं करूनही मी अजून तुमच्याच तोंडून "बरोबर आहे तुझं" ऐकायला थांबले आहे.