पाला ओढणारं मशीन

३ फेब्रुवारी

आमच्या लॉन्सवरच्या आजच्या लग्नात मठ्ठ्यात पान पडलं! पडायचं तर पडावं, पण नेमकं नवरदेवाच्या आत्याच्या वाटीत. बाईंनी ते नखाएवढं पान चमच्यावर घेऊन अख्ख्या पंगतीत फिरवलं. जणू मीच झाडावर बसून नेम धरला होता.

घरी जेवायला बसलो तर दिग्विजयभाऊजी सुरूच. धाकटा दीर, पण आवाज थोरल्याचा. "वहिनी, लॉन्सवरची ती पाच झाडं काढू. तिथं एसी हॉल टाकू. पान नाही, पाचोळा नाही, विषय क्लोज."

झाडं काढू म्हणे! दाढ आहे का ती?

सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, भाकरी मोडता मोडता निकाल दिला. "पाडव्यापातूर पाल्याचा बंदोबस्त करा. न्हाय झाला तर झाडं जात्याल. रोज कोन ऐकून घेनार मानसांचं?"

आणि आमचे नवरोबा? विश्वजीत म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे." हे वाक्य त्याने जिभेवर गोंदवून घेतलंय बहुतेक.

४ फेब्रुवारी

सकाळी झाडलं. दुपारी परत तेवढाच पाला. झाडांनाही लग्नाचे मुहूर्त कळतात.

६ फेब्रुवारी

इथे लिहायला काय हरकत आहे — मला ती झाडं मनापासून आवडतात. पुण्यात पेठेतल्या दोन खोल्यांतून लग्न करून मांजरी गावात आले, तेव्हा या घरात माझं म्हणावं असं काही नव्हतं. स्वयंपाकघर सासूबाईंचं, लग्नाच्या लॉन्सचा कारभार आबांचा, नवरा सगळ्यांचा. दुपारी त्या रेन ट्रींखाली खुर्ची टाकून चहा प्यायचे, तेवढी जागा माझी झाली. कुणी दिली नाही, पण कुणी उठवलंही नाही.

शिवाय मे महिन्यात वऱ्हाडी मंडळी कूलर सोडून त्याच सावलीत येऊन बसतात, हे भाऊजींना दिसत नाही. सांगितलं तर म्हणतील, "वहिनी इमोशनल झाल्या." झालेच आहे! पण त्याने पाला गोळा होत नाही, हेही कळतं.

९ फेब्रुवारी

सापडलं!! मिनी ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं पाला ओढणारं मशीन. पुढे ट्रॅक्टर, मागे चाकांवरची मोठी पेटी, तिला जाडजूड पाइप. ट्रॅक्टर चालला की पाइप जमिनीवरचा पाला ओढून घेतो, आतला पंखा त्याचा चुरा करतो आणि चुरा पेटीत. मी तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की मुलीने विचारलं, "आई, वेब सिरीज आहे का?"

आपल्याकडे मिनी ट्रॅक्टर आहेच. सध्या त्याचं काम खुर्च्या वाहणं आणि भाऊजींच्या मित्रांचे फोटो.

१० फेब्रुवारी

एकाच्या तीन जाती निघाल्या.

एक — ट्रॅक्टरच्या जोरावर चालणारं. मध्ये फिरता दांडा जोडायचा. आपला ट्रॅक्टर लहान, चढावर दोन्ही कामं एकदम करताना मान टाकेल. बाद.

दोन — स्वतःचं पेट्रोल इंजिन असलेलं. ट्रॅक्टरने नुसतं ओढायचं. आवाज भयंकर, पण जोर आहे.

तीन — मशीनच नाही, नुसते ब्रश. चाकं फिरली की ब्रश फिरतात आणि पाला मागच्या झोळीत उडवतात. आवाज नाही, इंजिन नाही. पण झोळी इतकी लहान की दर दहा पावलांवर उतरून रिकामी करायची. त्यापेक्षा खराटा बरा.

म्हणजे दोन नंबर. आता पाइप केवढा जाड, पेटी केवढी मोठी, पंखा पत्र्याचा की पोलादाचा आणि मागच्या फाटकातून ते आत येतं का — एवढेच प्रश्न उरले. मुलीला स्थळं बघताना इतकी चौकशी करेन का मी, शंका आहे.

१२ फेब्रुवारी

विक्रेत्यांना फोन. पहिल्याने विचारलं, "मॅडम, सर आहेत का?" म्हटलं, आहेत, पण त्यांना पाला आणि पापड यातला फरक विचारलात तर म्हणतील दोघांचंही बरोबर आहे. त्याने फोन ठेवला.

दुसरा सलिल नावाचा. बोलण्यात बरा. म्हणाला, "डेमो देतो, मग ठरवा."

१३ फेब्रुवारी

आमच्याकडे झाडणाऱ्या बायकांची मुकादम सुंदराबाई. तिच्यापर्यंत बातमी पोचली. कमरेवर हात ठेवून हजर.

"मशीन येनार म्हंत्यात. मंग आमी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

मी म्हटलं, झाडंच गेली तर पालाही नाही आणि कामही नाही. तिने विचार केला. "आनि लग्नाच्या दुसऱ्या दिशी नथ सापडती, पैंजन सापडतं, ते मशीन वाकून उचलनार हाय का?"

हे खरं आहे. लग्नानंतर बायका रांगेने हिरवळ झाडतात, त्यात सापडलेलं सगळं ऑफिसातल्या स्टीलच्या डब्यात जातं आणि दुपारपासून रडक्या आवाजात फोन सुरू होतात. मी म्हटलं, तुमची रांग राहणारच. मशीन तुमच्या मागून. "मंग चालंल," म्हणाली, आणि चहा मागितला.

१५ फेब्रुवारी

विश्वजीतने चक्क मदत केली! सलिलशी बोलून डेमो सोमवारी सकाळी ठरवला. "रविवारचं मोठं लग्न झालं की पाला भरपूर असेल, मशीनची खरी परीक्षा होईल." मी इतकी खूश की संध्याकाळी त्याच्यासाठी मुगाची भजी तळली.

तो खाताना सहज म्हणाला, "हल्लीच्या हॉलला मध्ये खांब लागत नाहीत." म्हटलं, भजीलाही लागत नाहीत, खा.

१७ फेब्रुवारी

नाक कापलं गेलं.

सलिल मशीन घेऊन आठच्या आधीच आला. त्याला दुसरीकडे जायची घाई. सुंदराबाईची टोळी अजून आलीच नव्हती. विश्वजीत म्हणाला, "करा की सुरू, त्या येतील." केलं सुरू.

पहिली फेरी झकास! पाला सरसर आत. आबा खुर्चीत पुढे सरकून बसले. दुसऱ्या फेरीत इंजिन कण्हायला लागलं. मग एक मोठा आवाज आणि सगळं ठप्प.

पंखा उघडला. त्याच्याभोवती गजरे! कालच्या लग्नातल्या तमाम बायकांचे गजरे, दोऱ्यासकट, घट्ट गुंडाळलेले. सलिल कात्रीने कापतोय आणि म्हणतोय, "गोल्फच्या मैदानावर असं कधी होत नाही." अहो, गोल्फला कोण गजरा घालून जातं?

आणि पाइपाच्या तोंडात अडकलेली — नवरदेवाची मोजडी! काल करवल्यांनी बूट लपवायला जागा शोधली ती पाल्याचा ढीग. नंतर त्यांनाच सापडेना. बिचारा नवरदेव स्वयंपाक्याच्या रबरी चपला घालून गाडीत बसला होता.

भाऊजी हसून हसून खाली बसले. "वहिनी, आता मोजडीची पूजा करा." आबा उठून गेले. ते वाईट.

माझं चुकलंच. बायकांची रांग आधी, हे मीच ठरवलं होतं आणि मीच पाच मिनिटं थांबले नाही. संध्याकाळी झाडाखाली खुर्ची टाकली तर रडू यायला लागलं. विश्वजीत शेजारी येऊन बसला. म्हणाला, "जाऊ दे ना. किती लावून घेशील?" चांगला आहे तसा.

१९ फेब्रुवारी

भाऊजी कुणा ठेकेदाराला घेऊन आले. तो माणूस माझ्या खुर्चीजवळच्या खोडाला फीत लावून घेर मोजत होता. मी चहा दिला नाही.

२० फेब्रुवारी

परत दिला नाही.

२३ फेब्रुवारी

लोणी काळभोरला एक जण मशीनं जोडून देतो असं कळलं. एकटीच गेले. कारखाना म्हणजे एक शेड, दोन माणसं आणि एक मांजर. मालक रतनशेठ. त्यांना गजऱ्यांची सगळी कथा सांगितली. त्यांनी हसू दाबलं नाही, मनसोक्त हसले. मग म्हणाले, "पाइप जाड घेऊ. पंखा पोलादी, त्याला धारदार पाती लावू. दोरा आला तर कापून निघंल."

म्हटलं, मोजडी आली तर?

"मोजडी यायलाच नको, ताई."

हेही बरोबर. पेटी मागे उलटणारी घेऊ, म्हणजे पाल्याचा चुरा थेट खतखड्ड्यात. फाटकाची रुंदी मी मोजूनच नेली होती, दोन्ही बाजूंनी हात जाईल एवढी जागा राहते. ठरलं! आता आबा.

२४ फेब्रुवारी

आबा म्हणाले, "आनि एकदा बगू. पन ह्ये शेवटचं."

मी आभार मानले.

२ मार्च

आजचा दिवस सोन्याचा!

काल लग्न होतं. सकाळी आधी सुंदराबाईची टोळी. मी स्वतः रांगेत. एक जोडवं, दोन पिना आणि टोपलीभर गजरे निघाले. मगच नमुन्याचं मशीन घेऊन आलेल्या रतनशेठना हात केला.

मशीन सुरू झालं आणि जी ओढ! अक्षता, पाकळ्या, रेन ट्रीच्या चिकट शेंगा, सगळं गट्ट. भाऊजी मोबाइल काढून तयार होते, कधी बिघडतंय याची वाट बघत.

आबा बघायला जवळ गेले. अगदी पाइपाच्या तोंडाशी वाकले. आणि त्यांची टोपी गेली!

आवाज झाला — फर्र! आणि पेटीत पांढऱ्या चिंध्या.

कुणी हलेना. आबांना उघड्या डोक्याने मी तरी कधी बघितलं नव्हतं. रतनशेठ इंजिन बंद करून हात जोडून उभे. सुंदराबाईने तोंडात पदर कोंबला. मी मनात म्हटलं, झालं, पाचही झाडं गेली.

आबांनी डोक्यावरून हात फिरवला. पेटीत वाकून बघितलं. एक चिंधी उचलून उलटसुलट केली.

"ओढ हाय याला," म्हणाले. "ह्येच घ्या."

मग स्वतः ट्रॅक्टरवर बसले आणि अख्ख्या लॉन्सला फेऱ्या मारल्या. जेवायला हाक मारली तरी उतरेनात. पाला संपला तर ट्रॅक्टरवरूनच ओरडले, "झाडं हालवा रं जरा!"

मी हसत होते की रडत होते, मलाच माहीत नाही. झाडं वाचली. विश्वजीतला मिठी मारायला गेले तर तो म्हणाला, "अगं, सगळे बघतायत."

३ मार्च

सुंदराबाईने आबांना नवी टोपी आणून दिली. आबांनी ती घातली. मशीन आलं की त्याच्याजवळ जाताना मात्र खिशात ठेवणार म्हणे.

५ मार्च

झाडाखाली चहा. दोन कप. कुणाशी बोलायचं नव्हतं, दोन्ही मीच प्याले.

९ मार्च

आमचं मशीन आलं. कुंकू, फुलं, सगळं साग्रसंगीत. भाऊजी स्वतः पेढे वाटत होते. मी म्हटलं, भाऊजी, हरलात तरी इतके खूश? तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, तुमची शपथ, मला हॉलशी काय देणंघेणं? हॉल दादाला पाहिजे होता. मला म्हणाला, तू भांड तिच्याशी, मला तिच्याबरोबर राहायचंय."

तेवढ्यात विश्वजीतने नारळ फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.