चहा सांडला त्याचं सॉरी

११ नोव्हेंबर, पिंपरी पेंढार
शूटिंगवाले आले. दोन गाड्या, एक ड्रोन, पेट्याच पेट्या. विषय मी. रॅलीत गाडी चालवणारी खेड्यातली मुलगी, तिचं पडद्यामागचं आयुष्य. दिग्दर्शक अनीश. मुंबईचा, मराठी बरं बोलतो, पण दर वाक्यात एकदा 'जर्नी' येतंच.

पहिला प्रश्न, "रोहिणी, लहानपणी बैलगाडा हाकायचीस ना?"
म्हटलं, आमच्या गोठ्यात माझ्या जन्माआधीपासून बैल नाही. मी शिकले पिकअपवर. मागं टोमॅटोचे कॅरेट, शेजारी अण्णा, आणि नारायणगावच्या मार्केटचा रस्ता.
"पिकअप व्हिज्युअली काही देत नाही," म्हणाला.

दुपारी गावातल्या दगडूभाऊंचे बैल आणले. दगडूभाऊ म्हणाले, "वळख न्हाई तर जवळ जाऊ नको बाय, लई तापट हायेत ते." मी कासरा धरून उभी, चेहऱ्यावर भाव 'आठवणींचा'. कुणाच्या आठवणींचा, देव जाणे.

१२ नोव्हें.
आज अण्णांची मुलाखत. छान बोलले. पहिल्या शर्यतीला पोरीला पिकअपमधून कसं नेलं, हेल्मेट कुठं मिळंना म्हणून पुण्यात कसे फिरले. आई आतून दुरुस्त्या करत होती.

मग अनीश म्हणाला, "अण्णा, फक्त आत जा आणि दार जोरात लावा."
"कशापायी?"
"आवाज तपासायचाय."
अण्णांनी लावलं. अजून जोरात. अजून. शेवटी कडीचा खिळा निघून आला. सगळे हसलो. अण्णा हातोडी घेऊन खिळा ठोकत बसले, तेही त्यांनी शूट केलं.

१६ नोव्हें., डिंभे
धरणावरच्या रस्त्यावर मी आणि नीता. गाडीत तीन कॅमेरे, कपड्यांत माईक. नीता माझी नॅव्हिगेटर, ती रस्त्याच्या नोट्स वाचते, मी स्टिअरिंग फिरवते. सहा वर्षं असंच. मी वळणं बघत नाही, ऐकते. नीता बोलली की वळण असतं.

अनीशला हे सांगितलं तर म्हणाला, "पण तुमच्यात भांडणं होत असतील ना?"
नीता : "होतात की. ही एसी लावू देत नाही."
त्याला ते भांडण पुरलं नाही.

शूट लांबत चाललं. नीताला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं. तिच्या घरी सगळ्यांचंच तसं, आणि इतक्या वर्षांत मलाही आता सहा वाजता भूक लागते. निदान चहा तरी, म्हणून तिनं थर्मास उघडला. समोरून एसटी आली, मी बाजूला घेतली, अख्खा कप माझ्या मांडीवर. "सॉरी सॉरी, चुकलं माझं, माझंच लक्ष नव्हतं, सॉरी रोहे." मी ओरडतेय, ती हसतेय आणि रडतेय पण. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून, "पेटली का काय गाडी?"
मांडीवर फोड. कोरफड लावली.

७ डिसेंबर
डाव्या हातानं लिहितेय, उजवा सुजलाय. दक्षिणेत आहोत, कॉफीच्या मळ्यांतली रॅली. दुसऱ्या टप्प्यात गाडी गेली. नीतानं वळण सांगितलं, मी वळवलं, गाडी वळलीच नाही. स्टिअरिंग हातात नुसतं फिरलं, जत्रेतल्या खेळण्यातल्यासारखं. चर, मग झाड. नीताचा खांदा निखळला.

आमचे मेकॅनिक शफीभाई संध्याकाळी इस्पितळात आले, स्टिअरिंगचा तुटलेला रॉड घेऊन. कॅमेऱ्यापुढं धरून म्हणाले, "ये देखो, इथून गेला. दोघींनी काहीच चुकवलं नाही." मीही तेच बोलले. अनीशनं मान हलवली. "थँक्यू, फार महत्त्वाचं आहे हे."
नीता गुंगीत. तिच्या कपाळावर हात ठेवून बसले. तेही शूट.

२ मार्च
फिल्म आली. घरी टीव्हीवर लावली. आई, अण्णा, मी, शेजारचे चौघे.

सुरुवात बैलांनी. बरं. मग अण्णा. हेल्मेट नाही, पिकअप नाही, एक शब्द नाही. मी अंगणात उभी, आणि दार धाडकन बंद. खाली अक्षरं, 'वडिलांचा विरोध होता.' मग खिळा ठोकणारे अण्णा. जणू पोरीला बाहेर ठेवून दार पक्कं करतायत!

आई उठून उभी राहिली. "ह्यो माणूस? ह्या माणसानं पोरीच्या शर्यतीसाठी सोत्ताच्या भावाचं लगीन चुकवलं, आन् ह्याचा विरोध?" अण्णा म्हणाले, "बस खाली. दार मीच आपटलं ना."

त्यानंतर अपघात.

गाडी चराकडे जातेय. आत आम्ही दोघी, हेल्मेटमध्ये, तोंडं झाकलेली. आणि नीताचा आवाज. "सॉरी सॉरी, चुकलं माझं, माझंच लक्ष नव्हतं, सॉरी रोहे."

चहाचं सॉरी.

चहाचं सॉरी उचलून झाडावर आदळवलं यांनी. शफीभाई नाहीत. रॉड नाही. माझं बोलणं नाही. शेवटी इस्पितळात माझा हात तिच्या कपाळावर, वर व्हायोलिन, खाली अक्षरं, 'माफी'.

शेजारची काकू डोळे पुसत म्हणाली, "लई मोठं मन हाय बाई तुझं."
मी टीव्ही बंद केला.

३ मार्च
अनीशला फोन. लागला एकदाचा.
"तू खोटं दाखवलंस."
"रोहिणी, भावना खरी आहे. तुमच्यात ताण होताच."
"कुठला ताण? चहा सांडल्याचा?"
"प्रेक्षकाला रॉड कळत नाही. माणूस कळतो."
हे वाक्य त्यानं आधीपासून तयार ठेवलं असणार, इतकं गुळगुळीत आलं. म्हटलं, मूळ रेकॉर्डिंग दे. म्हणाला, ते कंपनीचं आहे.

टीमचे मॅनेजर देशमुख साहेब. त्यांचं वेगळंच. "तू हीरो आहेस त्यात. लोक तुझ्यावर फिदा आहेत. करारात आहे, फिल्मविरुद्ध बोलायचं नाही. गाडी चालव."
नीताचं काय?
"नॅव्हिगेटरकडे कोण बघतं गं."

मी गाडी चालवते ते तिच्या तोंडून ऐकून. आणि तिच्याकडे कोण बघतं!

५ मार्च, नारायणगाव
नीताकडे. तिच्या बाबांचं हार्डवेअरचं दुकान. मी शिरले तर एक गिऱ्हाईक बिजागऱ्या निवडता निवडता विचारत होतं, "शेठ, ती गाडी पाडणारी तुमचीच ना?" बाबा म्हणाले, "चार इंची देऊ का पाच?" आणि वर बघितलंच नाही.

नीता माळ्यावर होती. खांदा अजून पूर्ण वर जात नाही. श्रीलंकेतल्या रॅलीला तिला एक दुसरी टीम नेणार होती, तिची पहिलीच परदेशातली रॅली. त्यांचा फोन आला, 'सध्या थांबूया.'

"तू शेवटपर्यंत बघितलीस?" तिनं विचारलं.
"हो."
"मी झाडापर्यंतच. पुढं काय आहे?"
"पुढं मी तुला माफ करते."
तिनं दुखरा खांदा हळूच फिरवून बघितला. मग म्हणाली, "बरं केलंस."
हसली असती तर बरं झालं असतं.

८ मार्च
महिला दिन. नारायणगावात हॉल, फुगे, फिल्मचा तुकडा मोठ्या पडद्यावर, मग माझा सत्कार. देशमुख साहेब पहिल्या रांगेत. अण्णा शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. नीताला बोलावणंच नव्हतं.

निवेदिका म्हणाली, "वडिलांचं बंद दार आणि मैत्रिणीची चूक, दोन्ही पचवून उभी राहिलेली आपली रणरागिणी!"

शाल खांद्यावर, नारळ हातात. भाषण पाठ होतं, देशमुख साहेबांनी दिलेलं. एक ओळ बोलले आणि नारळ टेबलावर ठेवला. मग जे आलं ते आलं. म्हटलं, हे दार आवाज तपासायला लावलं होतं. हे सॉरी डिंभ्याला चहा सांडला त्याचं आहे. गाडीचा रॉड तुटला, नीता चुकलेली नाही, ती चुकत नाही. ज्यांनी तिचा आवाज कापून दुसरीकडे चिकटवला त्यांनी माझ्या हातून तिला माफी दिली, आणि ती माफी मी परत घेतेय, कारण माफ करण्यासारखं काही घडलंच नाही. पडद्यामागचं दाखवतो म्हणाले होते. पडद्यामागं हे आहे.

मागून कुणी तरी टाळी वाजवली, मग थोड्या. निवेदिका म्हणाली, "यानंतर हळदीकुंकू आणि अल्पोपाहार."

बाहेर देशमुख साहेब फक्त एवढंच, "घरी जा. मी कळवतो."
पिकअपमध्ये अण्णा म्हणाले, "माझ्यासाठी न्हाई बोललीस तरी चाललं असतं. त्या पोरीसाठी बोललीस ते बरं केलंस." ओतूरच्या फाट्यावर म्हणाले, "घसा बसलाय तुझा. आल्याचा चहा घे."

११ मार्च
माझ्या बोलण्याचा व्हिडिओ सगळीकडे. कुणी म्हणतं वाघीण, कुणी म्हणतं डोक्यात हवा गेली. एकानं लिहिलंय की हे सगळं फिल्मच्या जाहिरातीसाठीच.

आणि तसंच झालंय! अनीशचा फोन, खुशीत. "रोहिणी, ब्रिलियंट. फिल्म लोक दुसऱ्यांदा बघतायत. आपण दुसरा भाग करू. तू, नीता, समोरासमोर. एकदम रॉ, काही न कापता." मी फोन ठेवला. मी चिडले तर तेही यांच्या कामाचं. गप्प बसले असते तर तेही होतंच. काय केलं असतं म्हणजे यांच्या उपयोगी पडलं नसतं?

नीताचा फोन नाही. मी केला, उचलला नाही.

१६ मार्च
नीता आली. स्कूटरवरून, एका हातानं चालवत. आईनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही, तेव्हाच कळलं.

"तुला कुणी सांगितलं होतं माझी वकिली करायला?"
मी म्हटलं, खोटं होतं ते. सहन होईना.
"तुला सहन होईना. मला विचारलंस? शफीभाई श्रीलंकेवाल्या टीमशी बोलले होते. रॉडचे फोटो पाठवले होते. त्यांना पटत आलं होतं. आता ते म्हणतात, या दोघींभोवती वाद आहे, नको. फिल्मनं मला गाडी पाडणारी केलं. तू बिचारी केलंस. बाबांच्या दुकानात लोक आता खिळे घ्यायच्या आधी माझी तब्येत विचारतात."
आईच्या हातातलं पाणी मी घेतलं आणि कोनाड्यात ठेवलं.
"एक सांग. मी तुला शेजारी हवीय, का तू खरी ठरावीस म्हणून हवीय?"

उत्तर यायला हवं होतं तोंडात. आलं नाही. ती थांबली, बघत राहिली, आणि गेली. आई अंगणात तिच्यामागं, "अगं, जेवून तरी जा, दिवस हाय अजून."

अनीशवर चिडणं सोपं आहे. तो खोटं बोलला. देशमुख साहेबांवर चिडणं सोपं आहे. मी खरं बोलले आणि तरी नीता एकटी स्कूटरवर गेली. याचा राग कुणावर काढायचा?

१९ मार्च
देशमुख साहेबांचा फोन. रविवारी पुण्याजवळ गाडीची चाचणी. नवा नॅव्हिगेटर ठरवलाय, चांगला आहे म्हणतात. शूटिंगवाले असतील. "ये, चालव, तोंड उघडू नको. नाही आलीस तर सीट दुसऱ्याला."
म्हटलं, कळवते.

पिकअप काढून आळेफाट्यापर्यंत गेले, उगाच. रेडिओ बंद. शेजारची सीट रिकामी, वर अण्णांचं उपरणं. प्रत्येक वळणाला कान शेजारी जात होता. त्या नव्या पोराला आवाज असेल. वाचेलही बरोबर. पण मी ऐकणार आहे का?

नीताला मेसेज केला. 'शेजारी हवीयस.' एवढाच. खूप शब्द लिहून खोडले.

२१ मार्च
काल दिवसभर उत्तर नाही. आज दुपारी तिचा फोन.
"रविवारी किती वाजता निघायचं?"
म्हटलं, त्यांनी दुसरा ठरवलाय.
"ते ऐकलं. मी वेळ विचारतेय."
"खांदा?"
"खांदा माझा आहे."
"कॅमेरे असतील. आपण दोघी दिसलो की त्यांना हवंय तेच मिळेल."
तिच्यामागं दुकानात कुणी तरी पत्रा कापत होतं. मग म्हणाली, "मी तुझ्याशी अजून नीट बोलणार नाहीये. वळणं सांगीन फक्त."
"चालेल."
"चालेल काय. आधी बसू देतील का ते बघ."
फोन ठेवला.

देशमुख साहेबांना काही कळवलं नाही. त्यांचे दोन फोन येऊन गेले. त्यांनी नीताला नाही म्हटलं तर मी गाडीत बसणार की नाही, हे अजून मलाच ठाऊक नाही. नीतालाही सांगितलं नाही. ती विचारणारच, उद्या वाटेत.

अण्णा म्हणतायत, पिकअप मी चालवतो. आई डब्याची तयारी करतेय. विचारलं, "कितीजण हायेत उद्या?"
म्हटलं, माहीत नाही.
"मंग भाकरी किती टाकू?"
जास्तच टाक, म्हटलं. नीता सहाच्या आत जेवेल.