सल्लागार बाईंच्या गाडीतला वॉकर

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

साष्टांग वगैरे नको, साधाच नमस्कार. वहिनीलाही सांग.

इकडे केंद्र रडतखडत चालू आहे. लोक आमच्या कॉट, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या आजाऱ्यासाठी घरी नेतात, काम झालं की आणून देतात. दुरुस्तीला मात्र पैसा नाही. म्हणून विश्वस्तांनी देणग्या मिळवून देणाऱ्या एक सल्लागार बाई नेमल्या. मला वाटलं, बाईंच्या पर्समधून चार शेठ निघतील. कसलं काय! पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "देणारे तुमचेच असतात. जे द्यायचे थांबले, ते का थांबले एवढं मी विचारणार." टक्केवारीही नको, ठरलेली फी बास. टक्केवारी नाकारणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवेल? तूच सांग.

मग रोज खोलीत बसून फोन. खोटं कशाला बोलू, मी कान लावून असायची. आमचे देणगीदार ही बाई दुसऱ्या संस्थेच्या घशात घालणार, अशी माझी खात्रीच होती. एक फोन फारच लांबला. बाई डोळे पुसत बाहेर आल्या. कोण होतं विचारलं, तर म्हणे, "ते विश्वासाने बोललेत, सांगता येणार नाही." फी आम्ही द्यायची आणि गुपितं यांनी ठेवायची!

तो फोन तुलाच असणार, असं मनात आलं. दोन वर्षं तुझी देणगी नाही, मी फोन केला की "कामात आहे." वहिनीनेच तुला अडवलं असेल म्हणून मनातल्या मनात मी तिला काय काय बोलले, ते तिला सांगू नकोस. आता तू बाईंकडे माझ्या कागाळ्या केल्यास, असं मी धरून चालले.

काल बाईंना रंगेहाथ पकडलं. गाडीच्या डिकीत आमचा वॉकर! मी ओरडलेच, "हे काय चाललंय?"

"ज्यांना हवाय त्यांना नेऊन देतेय. नाव सांगणार नाही, असा शब्द दिलाय."

तोंडाला येईल ते बोलले मी त्यांना. तेवढ्यात आमचे मिस्त्री धावत आले आणि बाईंना म्हणाले, "मॅडम, डाव्या मुठीला अजून एक पट्टी गुंडाळू का? दोन बोटं मिटत नाहीत म्हणालात ना?"

दादा, छापखान्याच्या यंत्रात तुझी बोटं सापडली तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते.

इतकी वर्षं देत आलास, आणि एक वॉकर मागायला तुझी जीभ रेटली नाही? परक्या बाईला सांगितलंस, मला नाही. राग आलाय मला. त्याहून जास्त भीती वाटतेय. कधीपासून चालवत नाही तुला? पडला होतास का?

बाईंची मी माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या घरी काही मागायला जाऊ नका. नुसत्या जा." कोणतं घर, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी येते. वहिनीला दार उघडायला पाठवू नकोस. बेल वाजवून मी बाहेर उभी राहीन. तू ये, वॉकर घेऊन ये, लागेल तेवढा वेळ लागू दे.

मी थांबेन.

तुझी,
धाकटी